लाल धाग्याची मॅगझिनं

निर्मलाबाई सोनकुसरे यांची बोटं मोहाडीत त्यांच्या तोंडापेक्षा जास्त प्रसिद्ध आहेत. तोंडाचा उपयोग त्या जेवायला आणि गरजेपुरतं बोलायला करतात. ज्या बाईबद्दल गावाला काही बोलायचं असेल, तिने निदान थोडं तरी सामान पुरवावं की नाही? निर्मलाबाई तेवढंही पुरवत नाहीत. चोपन्न वर्षांचं वय, काठीसारखा सरळ बांधा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि कारखान्याचा निळा कोट. पण बोटांचं विचाराल तर सगळं गाव सांगेल.

माहेर अड्याळचं. वडील कोष्टी, घरात दोन माग. सात-आठ वर्षांची असल्यापासून पोरीला ताण्याशेजारी, मागावरच्या उभ्या धाग्यांजवळ, बसवायचे आणि डोळे मिटायला लावायचे. ती तळहात ताण्यावरून फिरवायची आणि कुठला धागा सैल आहे ते सांगायची. चुकली तर बाप रागवायचा नाही, नुसता हसायचा, आणि ते हसणं तिला माराहून जास्त लागायचं. त्यामुळे ती फारशी चुकली नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात आली, आणि त्याच वर्षी सासऱ्यांनी माग खड्ड्यातून उपसून छपराखालच्या आटाळ्यावर टाकला. पॉवरलूमच्या साड्यांपुढे त्यांचं लुगडं कोणी घेईना. म्हणजे सासरच्या मागावरून उतरलेलं एकही लुगडं निर्मलाबाईंनी पाहिलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पण तेव्हा कोणाला वाटणार होतं?

पुढची चोवीस-पंचवीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या. मग मोहाडीहून तुमसरकडे जाताना, धानाच्या बांध्या संपतात तिथं, एका खाजगी कंपनीने पिस्तुलांचा कारखाना काढला. परवाना असलेल्या लोकांना विकायची बत्तीस बोअरची पिस्तुलं. निर्मलाबाई तिथं झाडूपोछ्याला लागल्या. एक दिवस स्टोअरमध्ये दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या स्प्रिंगा एकाच टोपल्यात मिसळल्या गेल्या. दिसायला सारख्या, लांबीला सारख्या. इंजिनिअर लोक डोकं धरून बसले. निर्मलाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, टोपल्याजवळ बसल्या आणि एकेक स्प्रिंग अंगठ्याने दाबत दोन ढीग केले. मशीनवर तपासलं तर साडेचारशेत एकही चुकली नव्हती. दुसऱ्या महिन्यापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला आणि निर्मलाबाईंना मॅगझीन तपासणीचं टेबल मिळालं.

मॅगझीन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची डबी. आठ गोळ्या, खाली स्प्रिंग. स्प्रिंग गोळ्या वर ढकलते आणि डबीच्या तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा वरच्या गोळीला धरून ठेवतात. कारखान्यात या कडांना सगळे ओठ म्हणत. पिस्तूल कितीही नवं असो, चकचकीत असो, ओठ बरोबर नसतील तर ते शोभेचं लोखंड. ओठांतलं अंतर मोजायला पोलादाच्या दोन पट्ट्या असत. एक ओठांमधून जायलाच हवी, दुसरी जाता कामा नये. इंग्रजीत त्यांना काय म्हणायचं ते इंजिनिअर म्हणोत, टेबलावर पहिलीचं नाव ‘जाय’ आणि दुसरीचं ‘नोको’. नोको आत गेली की मॅगझीन बाद.

सुरुवातीला मॅगझिनं परदेशातून यायची. ती शंभर घ्या, शंभरही सख्खे भाऊ. मग खर्च कमी करायचा म्हणून ती इथंच बनू लागली. आपली शंभर म्हणजे एका गावची माणसं, तोंडवळा एक आणि स्वभाव शंभर. एकाची शिवण जरा जाड, दुसऱ्याचा तळ सैल. त्यात नव्या पिस्तुलांचे नखरे वेगळे. एकाच दिवशी जुळवलेल्या दोन पिस्तुलांपैकी एकात मॅगझीन खटकन बसे आणि बटण दाबताच हातात येई, दुसऱ्यात तेच मॅगझीन तळहाताने ठोकावं लागे. कोणत्या पिस्तुलाला कोणतं मॅगझीन मानवतं हे निर्मलाबाई बोटांनी सांगत. तरुण इंजिनिअर मागून हसत आणि पुढून त्यांचंच ऐकत.

जानेवारीत कारखान्याची भट्टी बिघडली. मॅगझिनच्या पत्र्याला कडकपणा येतो तो भट्टीत. सतराव्या घाण्याची, म्हणजे सतराव्या खेपेची, चाळीस मॅगझिनं कडक करायला बाहेर कुठंतरी पाठवली आणि चार दिवसांत परत आली. रंग छान काळाभोर, जाय गेली, नोको अडली. कागदावर चाळीसही पास. पण निर्मलाबाईंनी एका मॅगझिनचे ओठ चिमटीत धरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पत्रा त्यांच्या बोटांना उलटून बोलत नव्हता. ताण न देता धागा कसा कळणार, असं त्यांचे वडील म्हणायचे. त्यांनी शनिवारी दहा मॅगझिनं खोट्या गोळ्यांनी भरली आणि तशीच ठेवून दिली. रविवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी. सोमवारी गोळ्या काढल्या आणि नोको लावली. दहापैकी सात मॅगझिनांत ती आत गेली.

तपासणीचे साहेब नीलेश म्हणून एकतीस वर्षांचा मुलगा होता. स्वभावाने वाईट नव्हता. पण मुख्य कार्यालयाच्या फोनला तो इतका भ्यायचा की फोन वाजला की खुर्चीतून उठून उभा राहायचा.

“साहेब, हे ओठ दोन दिवसांत उघडून राहिले,” निर्मलाबाई म्हणाल्या. “पत्रा मऊ आहे.”

“मावशी, भरून ठेवायची टेस्ट आपल्या चार्टात नाही.”

“चार्टात नाई, पन लोक त भरूनच ठेवतीन ना? खाली पिस्तूल कमरेले लावून कोन फिरते?”

नीलेशने नोको हातात घेऊन स्वतः लावून पाहिली. ती गेली. त्याने परत लावली, जणू दुसऱ्यांदा ती विचार बदलणार होती. मग म्हणाला, “बाकीचीही बघा. पण बाद म्हणून लाल रंग लावू नका. लाल रंगाचे नग रजिस्टरला चढतात आणि रजिस्टर वर जातं. भट्टीवाल्याशी बोलतो मी, तोवर बाजूला ठेवा.”

शुक्रवारपर्यंत उरलेली तीसही झाली. चाळीसपैकी एकतीस बाद. लाल रंग लावायचा नाही, कागद लिहायचा नाही, तर मग खूण कशी करायची? निर्मलाबाईंनी घरून लाल सुताची गुंडी आणली आणि त्या एकतीस मॅगझिनांना एकेक धागा गुंडाळून, गाठ मारून, ती खालच्या फळीवर ओळीने ठेवली. अड्याळला त्यांच्या घरी मागावर धागा तुटला की त्या जागी लाल धाग्याची गाठ मारत, म्हणजे सांधणाऱ्याला दोष शोधत बसावं लागू नये. त्यांच्या हाताने तेच केलं. मग त्या भाचीच्या लग्नासाठी तीन दिवस अड्याळला गेल्या.

सहा फेब्रुवारीला, गुरुवारी, त्या परत कामावर आल्या तेव्हा कारखान्यात लगबग होती. खाणी, गोदामं आणि पेट्रोल पंप राखणाऱ्या एका एजन्सीचे बारा गार्ड आपापली नवी पिस्तुलं घ्यायला आले होते. प्रत्येकाला एक पिस्तूल आणि दोन मॅगझिनं, एक परदेशी आणि एक इथलं. मागच्या बंद खोलीत प्रत्येकाने दहा-दहा गोळ्या झाडून पाहायच्या होत्या. निर्मलाबाईंना टेबलापाशी उभं केलं. टेबलावरची मॅगझिनं पुसूनबिसून ठेवलेली, काळी, देखणी. अंगावर धागा नव्हता. सतराव्यातली ती नऊ चांगली आणि बाकीची आधीच्या घाण्यातली असणार, असं त्यांनी धरलं.

बारा जणांत केवळराम नावाचे नाकाडोंगरीचे एक माजी सैनिक होते, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. त्यांनी दोन्ही मॅगझिनं उलटीपालटी करून पाहिली.

“बाई, यातलं आपल्या इथचं कोनतं?”

“हे,” निर्मलाबाई म्हणाल्या.

“भरोशाचं आहे ना?”

“डोये मिटून घ्या,” निर्मलाबाई म्हणाल्या. एवढं लांब वाक्य त्या अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाहीत. पण आपल्या जिल्ह्यात, आपल्या हाताखाली बनलेल्या मालाबद्दल कोणी विचारलं म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. मला त्या अभिमानाचा राग येत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

एकशे वीस गोळ्या झाडल्या गेल्या, एकही अडकली नाही. अडकणार कशी? मॅगझीन भरलं आणि लगेच रिकामं केलं, तर मऊ ओठसुद्धा टिकतात. सगळ्यांत शेवटी जागेश्वर नावाच्या एका किडकिडीत गार्डने गोळ्या झाडल्या. त्याने कोणाला काही विचारलं नाही. चहा झाल्यावर आपली कपबशी त्याने स्वतः नळाखाली विसळून पालथी ठेवली, एवढंच निर्मलाबाईंनी पाहिलं.

शुक्रवारी सकाळी त्या खालच्या फळीपाशी गेल्या. एकतीसच्या जागी एकोणीस.

पॅकिंगला टेकचंद होते. कोष्टीपुऱ्यातलेच, निर्मलाबाईंच्या घरापासून चौथं घर, नात्याने लांबचे दीर. अठ्ठावन्न पूर्ण व्हायला दहा महिने राहिले होते. हाताचे इतके नेटके की खोक्याला चिकटपट्टी लावतानाही कोपरा जुळवून लावायचे.

“टेकचंदभाऊ, खालच्या फळीवरचे बारा नग कोठी गेले?”

“कोठी जातीन? पिस्तुलायसंगं गेले ना. साहेब म्हनले, पयलीच बारा पिस्तुलं आहेत, नग चांगले पाहून दे. म्या म्हनलं, वयनीनं त निवडूनच ठेवले आहेत.”

“म्या कवा निवडले?”

“लाल धागा होता ना!” टेकचंद हसले. “म्या पाह्यलं आन् मले बापाचीच आठोन आली. आपल्या पुऱ्यात नाई का, लुगडं मागावरून उतरलं, त्यात एकबी गाठ नसली, का पदराले लाल धागा. नजर नोको लागाले म्हनून. मंग ते सगळ्यायच्या वर ठेवाचं. तुमच्या सासऱ्याच्या हातचं त दर खेपेले लाल धाग्याचं राहे.” त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि लाल धाग्यांची एक छोटीशी गुंडाळी बाहेर काढली. “फेकले नाई म्या. कपायाले लावून ठेवले.”

निर्मलाबाई खाली बसल्या. खुर्ची होती, तरी जमिनीवरच बसल्या. पस्तीस वर्षं ज्या गल्लीत काढली त्या गल्लीचा हा रिवाज त्यांना कोणी सांगितला नव्हता, कारण सांगायला माग राहिला नव्हता.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “आमच्या अड्याळले धागा तुटला का तेथी लाल गाठ मारत.”

टेकचंदांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी खिशातली गुंडाळी हातात तशीच धरली. ना खिशात ठेवता आली, ना फेकता आली.

नीलेशला सांगितलं तेव्हा तो उभा राहिला, फोन वाजला नव्हता तरी. दार लावून घेतलं. “ट्रायल पास झाली आहे, सह्या झाल्या आहेत. आता मी असं पत्र पाठवलं तर वरून पहिला प्रश्न येईल, बाद माल होता तर रजिस्टरला का नाही? मावशी, मला दोन दिवस द्या. मी एजन्सीच्या अधिकाऱ्याला फोन करतो, सर्व्हिसिंगच्या नावाखाली ती बारा परत मागवतो. गवगवा नको. टेकचंदभाऊंचंही नाव यात यायला नको ना?”

शेवटचं वाक्य नेमकं बसलं. टेकचंदांची दहा महिन्यांची नोकरी, पुऱ्यातली इज्जत, त्या माणसाचा तो नेटकेपणा. निर्मलाबाई बरं म्हणाल्या. सोमवारी त्यांनी विचारलं, फोन झाला का? अधिकारी बाहेरगावी आहे. मंगळवारी, बुधवारी तेच. आता याला काय म्हणावं? नीलेश खोटं बोलत होता असंही नाही. त्याने फोन लावला होता, उचलला गेला नाही, आणि न उचलला गेल्याने त्याला हायसं वाटलं. निर्मलाबाई टेबलावर अठराव्या घाण्याची मॅगझिनं तपासत होत्या. प्रत्येक वेळी ओठ चिमटीत धरले की त्यांना कोणाची तरी कंबर दिसे, त्या कंबरेला भरलेलं पिस्तूल, आणि त्यात अर्ध्या केसाने रोज उघडत जाणारे ओठ. आपण डोळे मिटून घ्या म्हणालो, हे त्यांना सहन होत नव्हतं.

शनिवारी त्यांनी मन घट्ट केलं. कारखान्यातली वस्तू बाहेर नेणं म्हणजे नोकरीवर पाणी. तरीही जेवणाच्या डब्यात, पोळीखाली, नोको घालून त्या बाहेर पडल्या. रविवारी सकाळी एसटीच्या थांब्यावर पोचल्या तर टेकचंद आधीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

“तुमी कायले आले?” निर्मलाबाई म्हणाल्या.

“दिले म्या. मंग घ्याले कोन जाईन?”

मोहाडीहून तुमसर, तुमसरहून दुसरी गाडी. नाकाडोंगरीला उतरून केवळरामांचं घर विचारलं. ते अंगणात बाजेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. यांना ओळखून उठले, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. निर्मलाबाईंनी चहा येईपर्यंतही दम धरला नाही.

“भाऊ, तुमच्या पिस्तुलात कोनतं मॅगझीन आहे?”

“कोनतं म्हंजे? आपल्या इथचं. तुमीच नाई का सांगतलं. बाहेरचं पेटीत आहे.”

“भरलेलं?”

“आनलं त्या दिवसापासून.”

केवळरामांनी आतून पिस्तूल आणलं, तोंड जमिनीकडे करून मॅगझीन काढलं, गोळ्या एकेक करून ओंजळीत घेतल्या आणि रिकामं मॅगझीन त्यांच्या हाती दिलं. निर्मलाबाईंनी डबा उघडला, पोळी बाजूला केली, नोको काढून पदराला पुसली. ओठांवर ठेवली. ती आत गेली, कुठं अडखळलीसुद्धा नाही.

“ही जाले नाई पायजे,” त्या म्हणाल्या. “गेली म्हंजे पयली गोयी सुटीन. दुसरी वाकडी होऊन फसीन.”

केवळरामांनी ओंजळीतल्या गोळ्या खाली ठेवल्या. त्यांच्या बायकोने आणलेला चहा बाजेवर तसाच राहिला. मग ते हळूच म्हणाले, “म्हंजे जागेश्वर भेला नव्हता.”

निर्मलाबाईंना आधी नाव लागलं नाही. मग कपबशी विसळणारा माणूस आठवला.

बुधवारी, बारा तारखेला, भर दुपारी एका पंपावर दोघं जण लुटायला आले होते. जागेश्वरने एक गोळी हवेत झाडली. त्यांच्यातला एक उलटून अंगावर आला. जागेश्वरने घोडा दाबला, दुसरी सुटली नाही. त्याने पिस्तूल झटकलं, पुन्हा दाबलं. पंपावरच्या पोराने हे सगळं पाहिलं होतं. लोखंडी सळईचा घाव डोक्यात बसला आणि शुक्रवारी पहाटे तो दवाखान्यातच वारला.

“आमच्या हापिसात काय बोलून राहिले, मालूम आहे? हात थरथरले त्याचे म्हनते. हत्यार चालवाची अक्कल नव्हती, नवं कोरं पिस्तूल असून काई करता आलं नाई म्हनते. मीबी म्हनलं, बाई. म्या सोताच्या तोंडानं म्हनलं का, पलटनीतला मानूस असता त असं झालं नसतं. त्याची बायको रुखमा, ते आयकत होती.”

टेकचंद उठून कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. निर्मलाबाई रडल्या नाहीत. त्यांना स्वतःची चीड आली होती, आणि ती इतकी होती की रडायला जागाच उरली नव्हती. बारा तारखेला आपण काय करत होतो? टेबलापाशी बसून नीलेश साहेबांचा फोन लागतो का याची वाट पाहत होतो. सात तारखेलाच ही गाडी पकडता आली असती. तीच एसटी होती, तीच नाकाडोंगरी, हाच माणूस बाजेवर सापडला असता.

पुढचं केवळरामांनी केलं. त्यांनी तिथूनच एजन्सीत फोन लावला, सोमवारी लेखी तक्रार दिली आणि मग मुख्य कार्यालयाचा फोन नीलेशकडे स्वतःहून आला. आठवड्याभरात अकरा मॅगझिनं परत आली. निर्मलाबाईंनी सगळ्यांसमोर अकरांत नोको लावली. अकरांतही गेली. उरलेली एकोणीस फळीवरून काढून लाल रंगाने रंगवली. लाल रंगाची डबी आता टेबलावरच असते, याचा काय उपयोग ते विचारू नका.

बारावं मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. तपास करणाऱ्या एक महिला पोलीस ते मोहरबंद पिशवीतून घेऊन आल्या होत्या. नीलेशच्या खोलीत पंचांसमोर पिशवी उघडली. मॅगझिनच्या तोंडाशी दोन गोळ्या एकमेकींवर तिरप्या होऊन रुतल्या होत्या, जशा दारात दोन माणसं एकदम शिरताना अडकतात. पोलीसबाईंनी सगळ्यांच्या देखत त्या काढायला लावल्या. निर्मलाबाईंनी पट्टी लावली. ती सरळ आत गेली.

मग तपासणाऱ्याच्या जबाबाचा कागद पुढे आला. दोष काय, ते त्यांनी लिहिलं. खाली रकाना होता, दोष केव्हा लक्षात आला.

“आजच्या तपासणीत, असं लिहा,” नीलेश शेजारून हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, चार रात्री झोप नसल्यासारखा. “खोटं नाही ते, मावशी. आजही तपासलंच ना तुम्ही.”

तसं पाहिलं तर खोटं नव्हतं, आजही पट्टी आत गेलीच होती. आजची तारीख टाकली की नीलेश सुटत होता, टेकचंद सुटत होते, त्या स्वतःही सुटत होत्या. मग झटापटीत आपटून ओठ उघडले असतील, असंही कोणी म्हणू शकलं असतं. मग जागेश्वरचे हात थरथरले होते की नव्हते, हे कायमचं कोणाच्या तरी मर्जीवर राहिलं असतं. दाराबाहेर टेकचंद उभे होते. त्यांनी सकाळीच येऊन सांगितलं होतं, वयनी, माझं नाव खोडाचं नाई.

निर्मलाबाईंनी रकान्यात लिहिलं, २७ जानेवारी. त्याखाली भरून ठेवलेल्या मॅगझिनांची गोष्ट, चाळीसपैकी एकतीस, धागे, टेकचंदांचा गैरसमज आणि आपला. अक्षर मोठं आणि सावकाश, शाळेतल्यासारखं.

“मावशी, यात तुम्हीसुद्धा अडकता,” नीलेश म्हणाला.

“अडकलीच आहो मी, साहेब. तुमाले आता दिसून राहिलं.”

पोलीसबाईंनी कागद वाचला, दोनदा वाचला. मग तारखांवर पेनाचं टोक ठेवत म्हणाल्या, “बाई, माल चुकून गेला हे तुम्हाला सात फेब्रुवारीला कळलं. घटना बाराला. मध्ये पाच दिवस आहेत. या पाच दिवसांत तुम्ही काय केलं?”

निर्मलाबाईंनी नीलेशकडे पाहिलं नाही. साहेबांनी सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं, आणि तेही खोटं नव्हतं.

“वाट पायली,” त्या म्हणाल्या.

“कोणाची?”

“दुसऱ्या कोनी तरी सांगाची.”

पोलीसबाईंनी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. “तसं लिहा.”

आणि निर्मलाबाईंनी तसं लिहिलं.